पावतीशिवाय बियाणे नको



शहापूर भागातील आदिवासी शेतकऱ्यांना मी नेहमी सांगतो : पावतीशिवाय बियाणे घेऊ नका. जनुक बदललेले बी एकदा शेतात पसरले की परत गोळा करता येत नाही. म्हणूनच जगाने कार्टाजेना करार केला. तो ११ सप्टेंबर २००३ रोजी लागू झाला. भारतही त्यात आहे. असे बी पेरणीसाठी दुसऱ्या देशात प्रथमच पाठवायचे, तर आधी त्या देशाची संमती लागते.

आपल्याकडे २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. तणनाशक सोसणाऱ्या कापसाला ती नाही, तरी ते बी विदर्भात चोरून विकले जाते. पीक बुडाले तर पावतीशिवाय दाद कुठे मागणार? हे घरोघरी समजावे, म्हणून प्रार्थना करा.