घर आणि मन (लेखांक ५) : न घेतलेल्या निर्णयांचा ढीग

घरांत वस्तू कशा साचत गेल्या, ते मागच्या लेखात पाहिले. आता प्रश्न असा की, हा पसारा नेमका कोणाला आणि कशामुळे जाचतो? याबाबत लॉस एंजेलिसमधला एक अभ्यास फार बोलका आहे. तिथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी या मानसशास्त्रज्ञांनी तो २०१० साली प्रसिद्ध केला. दोघेही नोकरी करणारी जोडपी, एकूण ६० जण. प्रत्येकाने कॅमेरा घेऊन आपलेच घर फिरून दाखवायचे आणि दाखवताना बोलत राहायचे. त्या बोलण्यात अडगळीचे, अर्धवट कामांचे शब्द किती आले आणि विसाव्याचे किती, हे मोजले गेले. शिवाय काही दिवस लाळेतल्या कॉर्टिसॉलचे प्रमाण तपासले. ताणाशी निगडित असलेले हे संप्रेरक सकाळी जास्त असते आणि दिवसभरात उतरत जाते. ज्या स्त्रियांच्या बोलण्यात पसारा आणि राहिलेली कामे जास्त होती, त्यांच्यात हा उतार मंदावलेला आढळला आणि दिवस सरता सरता त्यांचे मन अधिक खिन्न होत गेले. त्यांच्या नवऱ्यांमध्ये असे चित्र दिसले नाही.

आता कोणी म्हणेल, मुळात थकलेल्या, चिंता करणाऱ्या माणसालाच पसारा जास्त दिसतो. मग कारण कोणते आणि परिणाम कोणता? शंका रास्त आहे. संशोधकांनी स्वभावातली चिंताग्रस्तता आणि वैवाहिक समाधान हे दोन्ही घटक हिशेबात धरले, तरी संबंध टिकून राहिला. पण त्याने कार्यकारणभाव सिद्ध झाला असे म्हणता येणार नाही. मला मात्र या अभ्यासातली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. इथे वस्तू मोजल्याच नव्हत्या, बोलणे मोजले होते. घर तेच, पसारा तोच. त्याचा भार दिसला तो बायकोच्या शरीरात. याचा अर्थ मी असा लावते की जाच वस्तूंचा कमी आणि ‘हे अजून करायचंय’ या जाणिवेचा जास्त असतो. टीपॉयवरचे वीजबिल, मुलाला आखूड झालेले शर्ट, दुरुस्तीला न्यायचा मिक्सर, कुठे लावायचे ते न ठरल्याने कपाटावर पडून असलेले तपासण्यांचे रिपोर्ट. यातली प्रत्येक वस्तू म्हणजे लांबणीवर टाकलेला एकेक निर्णय आहे. म्हणूनच बाजारातून झाकणाचे सुबक डबे आणून त्यांत सगळे कोंबले की खोली नीटनेटकी दिसते, पण मन हलके होत नाही. निर्णय झाकणाखाली गेला, झाला नाही. आवरायचे असेल तर आधी ठरवावे लागते : हे ठेवायचे का, कुठे, आणि याचे पुढे काय करायचे ते कोण पाहणार?

हेच सूत्र मनातल्या संकल्पांनाही लागू पडते. पीटर गोलवित्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात मांडले की ‘मी हे करणार’ असे ठरवण्यापेक्षा ‘कधी, कुठे, कसे करणार’ हे आधीच ठरवणारी माणसे ते काम पुरे करण्याची शक्यता बरीच जास्त असते. २००६ साली त्याने पास्कल शीरन यांच्यासह अशा ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हाही हा परिणाम ठळकपणे दिसला. या ‘कुठे’चे उत्तर घराने द्यायचे असते. आपल्याकडे ते एका बाबतीत पिढ्यानपिढ्या दिले गेले आहे. देवघरात निरांजन, वाती, तेल, काडेपेटी, हळदकुंकू सगळे हाताशी असते. बसायची जागा ठरलेली, वेळ आंघोळीनंतरची. आज पूजेला कुठे बसू, असा प्रश्न कोणालाही पडत नाही. मुळाशी श्रद्धा असते हे खरेच, पण मन लागत नाही त्या दिवशीही पूजा पार पडते ती या मांडणीमुळे. याउलट पलंगाखाली सुटकेसच्या मागे सरकवलेली पेटी रियाजासाठी रोज बाहेर निघत नाही. पुस्तके तीन ठिकाणी विखुरलेली असली की स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाचा पहिला अर्धा तास शोधाशोधीत जातो, आणि दमून आलेल्या माणसाकडे नेमका तो अर्धा तासच असतो.

‘जागा कुठून आणायची?’ हा आक्षेप मुंबईत टाळता येत नाही. बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत संपूर्ण कुटुंबांनी आयुष्ये काढली. अशा घराला स्वतंत्र अभ्यासिकेचा सल्ला देणे क्रूरपणाचे आहे. पण त्याच खोल्यांत देव्हाऱ्याची फळी असायचीच. एका माणसाच्या एका ध्येयासाठी एक फळी किंवा एक पत्र्याची ट्रंक, जिला दुसरे कोणी हात लावणार नाही, एवढे लहान घरातही जमू शकते. चौरस फुटांइतकीच तिथे घरातल्यांची संमती लागते.

दुसरा आक्षेप सर्जनशीलतेचा. मिनेसोटा विद्यापीठाच्या कॅथलीन व्होस यांच्या २०१३ च्या प्रयोगात अस्ताव्यस्त खोलीत बसवलेल्यांना पिंगपाँगच्या चेंडूचे अधिक नवे उपयोग सुचले होते. सुचले असतील, पण ती खोली परक्याची होती, आणि तिथून उठल्यावर ती आवरण्याची जबाबदारी त्यांच्यापैकी कोणावरही नव्हती.

सर्वांत गंभीर आक्षेप असा की, हे सारे शेवटी बाईच्याच माथी येणार. भारताच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावरचा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटे भरला, पुरुषांचा ९७. त्यात आवराआवरीची नवी शिस्त घातली तर लॉस एंजेलिसच्या त्या बायकांसारखीच गत होईल. म्हणून ‘सांग, काय उचलू?’ असे विचारून हातभार लावणे मला अपुरे वाटते; ठरवण्याचे ओझे त्याने तसूभरही हलत नाही. शाळेचे कागद बाबांचे, तर कोणता ठेवायचा, कोणता रद्दीत टाकायचा आणि चुकून हवा तो फेकला गेला तर शाळेशी कोणी बोलायचे, हे सगळे बाबांचे. चूक होऊ देण्याची तयारी आईलाही ठेवावी लागेल. ते सोपे नाही, कारण पाहुणे आल्यावर पसाऱ्याचा ठपका अजून तिच्यावरच येतो. घरातल्या कागदपत्रांची अशी वाटणी प्रत्यक्षात कशी करायची, ते पुढच्या आठवड्यात पाहू.