मेंदूतील इन्सुलिन प्रतिरोध आणि अल्झायमर : 'तिसऱ्या प्रकारचा मधुमेह' ही संज्ञा कितपत सार्थ?

प्रस्तावना :
रक्तातील साखर नियंत्रित करणारे संप्रेरक ही इन्सुलिनची सर्वपरिचित ओळख होय. मेंदू बहुतांश ग्लुकोज इन्सुलिनच्या साहाय्याविना शोषून घेतो. त्यामुळे मेंदूशी त्याचा संबंध नसावा, असा समज दीर्घकाळ रूढ होता. १९७८ मध्ये उंदरांच्या मेंदूत इन्सुलिनचे ग्राही सर्वत्र आढळल्यावर त्यास तडा गेला.

प्रतिरोधाचे स्वरूप :
चेतापेशींमध्ये इन्सुलिनचे कार्य प्रामुख्याने संदेशवहनाचे असून ते स्मृती दृढ होण्यास साहाय्यभूत ठरते. इन्सुलिन उपलब्ध असूनही पेशी पुरेसा प्रतिसाद देत नाहीत, या अवस्थेस इन्सुलिन प्रतिरोध म्हणतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मधुमेह नसलेल्या अल्झायमर रुग्णांच्या मरणोत्तर मेंदूतही, विशेषतः स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसमध्ये, असा प्रतिरोध दिसून आला.

संभाव्य दुवे :
अल्झायमरमध्ये टाऊ प्रथिनाचे गुंते व बीटा-अमायलॉइडचे साठे आढळतात. इन्सुलिनचा संदेश क्षीण झाल्यास जीएसके-३ या विकरावरील नियंत्रण सैल होते व ते टाऊला अतिरिक्त फॉस्फेट जोडते. दुसरे असे की, इन्सुलिनचे विघटन करणारे विकर अमायलॉइडचेही विघटन करते. इन्सुलिनचे प्रमाण वाढल्यास हे विकर त्यातच गुंतून अमायलॉइड साचत असावे, असा तर्क मांडला जातो.

पुरावे व मर्यादा :
नेदरलँड्समधील रॉटरडॅम अभ्यासात (१९९९) मधुमेहींमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका जवळपास दुप्पट आढळला. २००५ मध्ये अमेरिकेतील सुझान डी ला माँट व सहकाऱ्यांनी 'तिसऱ्या प्रकारचा मधुमेह' ही कल्पना पुढे आणली. मात्र सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. मधुमेहामुळे मेंदूतील रक्तवाहिन्यांची हानी होऊनही स्मृतिभ्रंश उद्भवतो. शिवाय अमायलॉइड स्वतःच इन्सुलिन ग्राहींच्या कार्यात बाधा आणते. म्हणजे प्रतिरोध हा आजाराचा परिणामही असू शकेल. उपचारांचा अनुभवही सावध करणारा आहे. नाकावाटे इन्सुलिन देण्याच्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या २८९ जणांवरील चाचणीत लाभ सिद्ध झाला नाही. सेमाग्लुटाइड या मधुमेहावरील औषधाच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये जाहीर झाले. त्यांतही आजाराची वाटचाल मंदावली नाही.

निष्कर्ष :
इन्सुलिन प्रतिरोध हा अल्झायमरच्या जडणघडणीतील एक घटक असू शकतो. त्यास एकमेव कारण मानणे अप्रस्तुत ठरेल. 'तिसऱ्या प्रकारचा मधुमेह' हे गृहीतक आहे, निदान नव्हे. हा भेद पुसट झाल्यास मधुमेही व्यक्ती स्मृती गमावण्याच्या भीतीत जगेल आणि अल्झायमर रुग्णाचे कुटुंब साखरेच्या गोळीत उपाय शोधेल. मधुमेहावर वेळीच नियंत्रण ठेवणे हृदय, मूत्रपिंड व रक्तवाहिन्यांसाठी हितावहच आहे. त्याने मेंदूचेही रक्षण होण्याची शक्यता आहे, एवढेच आज जबाबदारीने म्हणता येते.