किल्ल्यावरचा मावळा मातीचा की प्लास्टिकचा?

नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री गोव्यात वाड्यावाड्यांवर नरकासुराच्या प्रतिमा उभ्या राहतात. त्याच दिवसांत चोर्ला घाटापलीकडे बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील मुले अंगणात किल्ले बांधण्यात गढलेली असतात. दगडविटांचा सांगाडा, त्यावर गोणपाट, वर चिखलाचा लेप आणि उतारावर पेरलेले हळीव. कुणी राजगड उभारतो, कुणी प्रतापगड, तर कुणी जवळचाच, येळ्ळूरचा राजहंसगड. गड तयार झाला की प्रश्न उरतो तो शिबंदीचा. सिंहासनावरील महाराज, मावळे, तोफा, गवळणी, वाघ या साऱ्यांना 'चित्रे' म्हणतात. ही चित्रे पूर्वी मातीचीच असत. आता त्यांच्याशेजारी प्लास्टरची आणि प्लास्टिकचीही मांडलेली दिसतात. हा फरक केवळ किमतीचा आणि टिकाऊपणाचा वाटतो. वास्तविक, मावळा कसा दिसणार आणि तो कोण घडवणार, हेही त्यावरच ठरते.

मातीचे चित्र दोन भागांच्या साच्यात घडते. हा साचा बहुधा प्लास्टरचा असतो. प्लास्टर ओल्या मातीतील पाणी शोषून घेते, माती किंचित आकसते आणि चित्र साच्यातून अलगद सुटते. असा साचा कुंभार घरच्या घरी तयार करू शकतो. यंदा नवा सरदार हवा असेल तर नवा साचा. मात्र माती बारीक अवयव पेलत नाही. म्हणूनच मातीच्या मावळ्याची तलवार अंगालगत चिकटलेली, ढाल छातीशी आणि पाय एकमेकांजवळ असतात. त्याची ती परिचित, काहीशी बोजड ठेवण म्हणजे कारागिराचे अपुरे कौशल्य नव्हे, तो मातीचा स्वभाव आहे.

प्लास्टिकचे गणित निराळे. वितळलेले प्लास्टिक मोठ्या दाबाने पोलादी साच्यात ढकलले जाते. त्यात भाल्याचे टोकही स्पष्ट उमटते आणि एक नग क्षणार्धात बाहेर पडतो. परंतु तो साचा कोरून घेण्याचा खर्च मोठा असतो आणि हजारो नग विकले गेल्याखेरीज तो भरून निघत नाही. साहजिकच कारखानदार सर्वत्र खपेल तेच घडवतो. हिरव्या गणवेशातील बंदूकधारी शिपाई प्रतापगडाच्या बुरुजावर पहारा देताना दिसतो, तो यामुळेच. अलीकडे प्लास्टिकचे मावळेही मिळू लागले आहेत. पण सीमाभागातील एखाद्या गडाच्या किल्लेदारासाठी कुणी पोलादी साचा कोरणार नाही.

युरोपात हीच स्पर्धा धातू आणि प्लास्टिक यांच्यात झाली. १८९३ मध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने पोकळ शिशाचे सैनिक बाजारात आणले. वितळलेले शिसे साच्यात ओतायचे, बाहेरचा थर गोठला की उरलेले परत ओतून घ्यायचे, ही त्यामागची युक्ती. अशाच सैनिकांनी जमिनीवर लढाया खेळण्याचे नियम कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये पुस्तकरूपाने मांडले. शिसे मुलांसाठी विषारी असल्याने आणि प्लास्टिक स्वस्त पडल्याने दुसऱ्या महायुद्धानंतर ते मागे पडले. तरीही मेजावरच्या युद्धखेळांचे शौकीन आजही धातूचे सैनिक घेतात. ते आता मुख्यतः कथिलाच्या मिश्रधातूचे असतात. कथिल २३२ अंशांवर वितळते, त्यामुळे रबरी साचा चालतो आणि लहान कारागिरालाही मोजक्या प्रती काढणे परवडते. तिकडे जे स्थान धातूचे, तेच बेळगावात मातीचे.

वजनाचा मुद्दाही किरकोळ नाही. मातीचे चित्र उतारावर घट्ट बसते. प्लास्टिकचा शिपाई वाऱ्याने कोलमडतो. उलट हळिवाला पाणी शिंपडताना कच्च्या मातीच्या मावळ्याचे पाय विरघळतात, प्लास्टिकला काही होत नाही. फुलबाजीची ठिणगी उडाली की पारडे पुन्हा फिरते. प्रमाणबद्धतेची चिंता मात्र कुणालाच नसते. महाराज महादरवाजापेक्षा उंच असले तरी त्यात कुणाला वावगे वाटत नाही, आणि वाटूही नये.

प्लास्टर या दोहोंच्या मध्ये आहे. ते लवकर घट्ट होते, रंग चांगला धरते. पण पडले की तुकडे होतात आणि ते पुन्हा मातीत मिसळत नाहीत. प्लास्टरच्या गणेशमूर्तींवर गोव्यात बंदी असल्याने येथील वाचकांना हा विषय परका नाही. किल्ल्यावरच्या चित्रांकडे मात्र तितके लक्ष जात नाही, कारण त्यांचे विसर्जन होत नाही.

खानापूर तालुका कुंभारकामासाठी ओळखला जातो. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही तेथेच आहे. माती आहे, हात आहेत. अडचण मोसमाची आहे. चित्रांची विक्री वर्षातून जेमतेम पंधरवडाभर चालते आणि परतीचा पाऊस लांबला तर वाळवणच होत नाही. त्यातच गेल्या वर्षीची प्लास्टिकची शिबंदी माळ्यावरून जशीच्या तशी खाली उतरते. मातीचे मावळे मात्र दरवर्षी दोन-चार तरी फुटतात आणि तेवढे नव्याने घ्यावे लागतात. कुंभाराचा धंदा या फुटण्यावरच चालत आला आहे.