उभी गाडी, बंद काचा आणि मे महिन्याचे ऊन

लग्नसराई आणि शाळेची सुट्टी नेमकी भर उन्हाळ्यात येते. मग व्हॅनमध्ये आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सारे घर बसते. मागे कोणी राहणार नाही म्हणून पाळलेला कुत्राही सोबत असतो. असेच एक कुटुंब काही वर्षांपूर्वी मे महिन्यात भर दुपारी माझ्या दवाखान्यात आले. वाटेत ते जेवायला थांबले होते. आजींचा डोळा लागला होता. त्यांना कशाला उठवायचे, म्हणून गाडी झाडाखाली लावून, काचा दोन बोटे खाली ठेवून मंडळी आत गेली. कुत्राही गाडीतच राहिला. तो थोडा वेळ भुंकला, मग गप्प झाला. झोपला असेल, असे सर्वांना वाटले. पाऊण तासाने परतले तेव्हा सावली सरकली होती, कुत्रा मेला होता आणि आजी असंबद्ध बडबडत होत्या. आठ दिवस रुग्णालयात काढून आजी वाचल्या.

त्या घरात प्रेमाची कमतरता नव्हती. बंद गाडी किती लवकर तापते, एवढेच त्यांना ठाऊक नव्हते. ऊन काचेतून आत येते, सीट तापवते आणि तापलेली हवा आत कोंडते. पहिल्या दहा मिनिटांतच आतले तापमान बाहेरच्यापेक्षा ८ ते १० अंशांनी वाढू शकते, अर्ध्या तासात १५ ते २० अंशांनीही. काच थोडी उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसापेक्षा कितीतरी लवकर तापते. म्हणून ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणूनही मूल, वृद्ध किंवा जनावर उभ्या गाडीत ठेवू नये. घरासमोरची गाडीही कुलूपबंद असावी. मुले खेळता खेळता आत शिरून अडकतात.

प्रवासात काय करावे?

शक्यतो पहाटे निघून अकराच्या आत पोहोचावे. निघण्यापूर्वी सर्व दारे दोन-तीन मिनिटे उघडून कोंडलेली हवा जाऊ द्यावी. काही व्हॅनमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली असते. तेथे लहान मुलाला बसवू नये. एसी असला तरी मागच्या सीटपर्यंत गारवा पोहोचतो का, हे हात लावून पाहावे.

एसी नसेल आणि बाहेर ४० अंशांच्या वर ऊन असेल, तर खिडकीतून येणारा वारा अंग गार करण्याऐवजी तापवतो. विदर्भ-खानदेशातील कोरड्या हवेत ओले उपरणे मानेवर व डोक्यावर घ्यावे. माठातले पाणी जसे गार होते, तसेच हे. कोकणातील दमट हवेत मात्र ओले कापड लवकर वाळत नाही. तेथे सावलीत थांबणे आणि वारा घेणे अधिक उपयोगी.

तहानेची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने थोडे पाणी, मीठ घातलेले ताक किंवा पन्हे प्यावे. हृदयाच्या व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी किती प्यावे, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनीही निघण्यापूर्वी सल्ला घ्यावा. खिशात कांदा ठेवून ऊन लागायचे थांबत नाही. तो जेवणात खावा.

मुक्या सोबत्यासाठी

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून अंग गार करतो. म्हणून त्याचे तोंड बांधू नये, त्याला डिकीत कोंबू नये. चपट्या नाकाच्या जातींना धाप पुरेशी टाकता येत नाही. त्यांना दुपारी नेऊच नये. दर थांब्यावर पाणी पाजावे, पोट व पंजे ओले करावेत. लाळ फार गळू लागली, पाय लटपटू लागले, तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि पशुवैद्यकाकडे न्यावे.

धोक्याची खूण

डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे, चक्कर ही पहिली सूचना. तेव्हाच थांबून सावलीत आडवे करावे, पाणी द्यावे. बडबड, झटके किंवा बेशुद्धी म्हणजे उष्माघात. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो. १०८ क्रमांकावर फोन करावा, पण रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नये. कपडे सैल करून अंगभर पाणी ओतावे, वारा घालावा, मान, काखा व जांघेत कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवावा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नये. तापाच्या गोळीचा येथे उपयोग नाही.

आणि एक सवय लावून घ्यावी. गाडीतून सर्वांत शेवटी उतरणाऱ्याने मागच्या सीटवर एकदा नजर टाकल्याशिवाय दार लावू नये.