अबोल सेवकांची हाक

घरातील केर रोज बाहेर गेला नाही, तर चार दिवसांत ते घर राहण्यास अयोग्य होते. शरीराचेही तसेच आहे. रक्तात साचणारी निरुपयोगी द्रव्ये बाहेर टाकण्याचे काम पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस असलेली मूत्रपिंडे करतात. घेवड्याच्या बीच्या आकाराच्या या प्रत्येक इंद्रियात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील उपयुक्त भाग रक्तात परत जातो आणि साधारण दीड लिटर मूत्र बाहेर पडते.

या गाळण्या बिघडल्याचे कसे ओळखावे? लंडनच्या गाय रुग्णालयातील डॉक्टर रिचर्ड ब्राइट अंगावर सूज आलेल्या रोग्यांचे मूत्र चमच्यात घेऊन मेणबत्तीच्या ज्योतीवर तापवीत. ते अंड्याच्या पांढऱ्या बलकाप्रमाणे गोठत असे. कारण रक्तातील प्रथिने त्यात उतरलेली असत. अशा रोग्यांच्या मृत्यूनंतर त्यांची मूत्रपिंडे विकृत झालेली आढळली. सूज, मूत्रातील प्रथिने आणि मूत्रपिंडाचा विकार यांचा संबंध ब्राइट यांनी १८२७ साली जगापुढे मांडला.

आजही हीच चिन्हे महत्त्वाची मानतात. सकाळी डोळ्यांभोवती किंवा सायंकाळी पावलांवर सूज दिसते. मूत्राला न विरणारा फेस येतो. कधी त्याचा रंग लालसर वा चहासारखा होतो. मूत्राचे प्रमाण घटते, किंवा रात्री वारंवार उठावे लागते. रक्तातील तांबड्या पेशी वाढविणारे द्रव्य मूत्रपिंडांतच तयार होते. ते कमी पडले की चेहरा फिकट होऊन थकवा येतो. पुढे अन्नावरची वासना उडते, मळमळ होते व अंगास खाज सुटते. अर्थात, यांपैकी काही चिन्हे इतर रोगांतही आढळतात. म्हणून निर्णय वैद्यकीय तपासणीनेच करावा.

परंतु ही इंद्रिये मोठी सोशिक आहेत. त्यांची बरीचशी शक्ती नष्ट होईपर्यंत पुष्कळदा कोणतेच चिन्ह उमटत नाही. म्हणून मधुमेह व वाढलेला रक्तदाब असणाऱ्यांनी मूत्राची व रक्ताची तपासणी नियमित करून घ्यावी आणि वेदनाशामक औषधे मनाने घेऊ नयेत. तक्रार न करणाऱ्या सेवकाची विचारपूस धन्यानेच करावयाची असते.