बहुउपयोगी मार्ग, नागरी

बहुउपयोगी मार्ग, नागरी : पादचारी, सायकलस्वार, धावणारे तसेच चाकांची खुर्ची वापरणारे लोक ज्याचा समाईक उपयोग करतात व ज्यावर मोटारवाहनांस मज्जाव असतो, अशा शहरातील मार्गास ‘बहुउपयोगी मार्ग’ म्हणतात. पदपथ हा रस्त्याचाच भाग असतो. हा मार्ग मात्र मोकळी पट्टी, वृक्षांची रांग किंवा कठडा यांनी रस्त्यापासून अलग केलेला असतो. नदीकाठ, कालवे व वापरातून गेलेले लोहमार्ग या जागा त्यास विशेष सोयीच्या ठरतात. कारण तेथे चढ सौम्य, छेदरस्ते कमी व जमीन सलग असते.

इतिहास : न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागातील ओशन पार्कवेवर १८९४ मध्ये सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग झाला. पुढे मोटारींच्या प्रसारामुळे असे मार्ग मागे पडले. नेदर्लंड्समध्ये १९७१ साली रस्ते-अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यातून उभे राहिलेले पालकांचे आंदोलन व १९७३ मधील तेलटंचाई यांमुळे तेथे स्वतंत्र सायकलमार्गांच्या बांधणीस चालना मिळाली. अमेरिकेतील सिॲटल येथे बंद पडलेल्या लोहमार्गावर बर्क-गिलमन मार्ग १९७८ मध्ये खुला झाला. अशा मार्गामुळे चोऱ्या वाढतील व घरांच्या किंमती उतरतील, अशी शेजारच्या घरमालकांना भीती वाटत असे. तथापि १९८७ मधील पाहणीत ती निराधार ठरली.

रचना : दुतर्फा वापराच्या मार्गाची रुंदी सामान्यतः किमान ३ मी. ठेवतात, वर्दळ अधिक असल्यास ती वाढवितात. पादचाऱ्याचा वेग ताशी सु. ५ किमी., तर सायकलस्वाराचा १५ ते २० किमी. असतो. या तफावतीमुळे वृद्ध व लहान मुले यांना धोका पोहोचतो आणि विजेच्या सायकलींमुळे तो वाढला आहे. म्हणून गर्दीच्या भागात चालणाऱ्यांसाठी व सायकलींसाठी वेगळे पट्टे आखणे श्रेयस्कर ठरते. मात्र मुख्य धोका छेदस्थानी असतो. वळणाऱ्या मोटारचालकास बाजूने येणारी सायकल सहसा वेळीच दिसत नाही. यावर उंच केलेले छेदमार्ग, अडथळारहित दृष्टिक्षेप व पुरेसा प्रकाश हे उपाय योजतात.

भारत : चंडीगढच्या आराखड्यात ल कॉर्ब्यूझ्ये यांनी रस्त्यांचे सात प्रकार कल्पिले, सायकलमार्गांचा आठवा प्रकार नंतर जोडण्यात आला. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात महानगरपालिकेने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्यास प्राधान्य द्यावे, हे तत्त्व केंद्र शासनाच्या २००६ मधील राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात मान्य करण्यात आले आहे. तथापि उभी वाहने, अतिक्रमणे व मध्येच संपणारे तुकडे यांमुळे बांधलेला मार्गही निरुपयोगी ठरू शकतो. अशा मार्गाचे यश त्याच्या लांबीपेक्षा सलगतेवर अवलंबून असते. शाळकरी मुलास घरापासून शाळेपर्यंत एकट्याने निर्धास्त जाता येणे, ही त्याची खरी कसोटी होय.