परिव्यय अनुमान, संरक्षण उत्पादनातील : शिक्षण व दूरशिक्षण

एखादी वस्तू तयार होण्यापूर्वी तिला किती खर्च येईल, याचा पद्धतशीर अंदाज बांधणे म्हणजे परिव्यय अनुमान होय. कारखान्यांत ते ‘एस्टिमेट’ या शब्दानेच ओळखले जाते. झालेल्या खर्चाची नोंद व विभागणी करणारे परिव्यय लेखांकन आणि व्हावयाच्या खर्चाचा वेध घेणारे परिव्यय अनुमान ही शास्त्रे एकमेकांना जवळची असली, तरी त्यांची कार्ये भिन्न आहेत. संरक्षण उत्पादनात अनुमानाला विशेष महत्त्व असते. साबण किंवा सायकल यांची किंमत बाजारात ठरते आणि अंदाज चुकलेल्या कारखानदाराला त्याची झळ लवकरच पोहोचते. तोफगोळ्याला असा बाजार नाही. त्याचे गिऱ्हाईक एकच, म्हणजे सरकार; विक्रेताही पुष्कळदा एकच. अशा व्यवहारात अनुमानाचा आकडाच किंमत होऊन बसतो व तो तपासावयाचा झाल्यास दुसऱ्या कोणीतरी तितक्याच कसोशीने केलेले अनुमान हाताशी असावे लागते. हे काम करणारी माणसे प्रायः आधीच नोकरीत असलेले अभियंते, लेखाधिकारी आणि सेनाधिकारी असतात. त्यांना वर्ष-दोन वर्षे कामावरून सोडणे कठीण असल्याने या विषयाचे उच्च शिक्षण दूरशिक्षण पद्धतीशी जोडले गेले आहे.

भारतात या प्रश्नाचे स्वरूप समजून घेण्यास नागपूर हे सोयीचे ठिकाण आहे. १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धानंतर देशातील आयुध निर्माणींचा जो विस्तार झाला, त्यात नागपूरच्या पश्चिमेस अंबाझरी येथे निर्माणी उभी राहिली. तोफगोळ्यांची धातूची कवचे व ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंच्या वस्तू ही तिची प्रमुख उत्पादने. जवळच भंडारा जिल्ह्यात जवाहरनगर येथे स्फोटके व प्रणोदके, तर चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीजवळील चांदा निर्माणीत दारूगोळा भरण्याचे काम चालते. पुलगाव येथे सैन्याचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार आणि नागपुरातच वायुसेनेच्या अनुरक्षण कमांडचे मुख्यालय आहे. म्हणजे कवच घडविणारा, त्यात दारू भरणारा, साठविणारा आणि वापरणाऱ्यासाठी दुरुस्ती पाहणारा असे सर्वजण सुमारे दीडशे किलोमीटरांच्या परिघात आहेत. भारतीय आयुध निर्माणी सेवेतील अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी उभारलेली राष्ट्रीय संरक्षण उत्पादन अकादमीही अंबाझरीलाच आहे; पूर्वी ती निर्माणींचे स्टाफ कॉलेज म्हणून ओळखली जाई.

अनुमानाचे स्वरूप : निर्माणीतील प्रमाणित अनुमानाचे तीन भाग पडतात : माल, मजुरी आणि उपरिव्यय. वीज, देखरेख, दुरुस्ती, घसारा यांसारखा जो खर्च एखाद्या नगावर थेट टाकता येत नाही, त्यास उपरिव्यय म्हणतात. मालाच्या अनुमानात प्रत्येक नगाला लागणारे पोलाद किंवा पितळ किती, कापताना वाया किती जाणार आणि तयार नगांपैकी किती तपासणीत नाकारले जाणार, हे धरावे लागते. या शेवटच्या घटकाला ‘अपरिहार्य नापास’ प्रमाण म्हणतात. नवख्याची पहिली चूक येथेच होते. तपासणीत ८ टक्के नग नापास होत असतील, तर १०० चांगल्या नगांसाठी १०८ घेतले की भागेल, असे त्याला वाटते. परंतु १०८ मधून ९९ च चांगले निघतात. खरा हिशेब १०० भागिले ०·९२, म्हणजे १०९ नगांचा आहे. घडाई, यंत्रण आणि उष्णोपचार अशा तीन टप्प्यांवर प्रत्येकी ५ टक्के नापास होत असतील, तर सुरुवातीला ११७ नग घ्यावे लागतात. लाखांच्या मागणीत अशा एकदोन टक्क्यांची चूक म्हणजे मालगाडीच्या डब्यांनी मोजण्याइतके पोलाद होय.

मजुरीचे अनुमान प्रमाणित मनुष्यतासांवर आधारलेले असते. प्रत्येक क्रियेला किती वेळ लागावा हे कार्याभ्यासाने ठरवितात. निर्माणींत तुकडापद्धतीने वेतन देण्याची प्रथा असल्याने हे तास सैल ठरले, तर कामगाराची कमाई वाढते आणि विभागाची कार्यक्षमताही कागदावर उत्तम दिसते. तास घट्ट करण्यात कोणाचाच तात्कालिक लाभ नसतो. म्हणून जुने यंत्र जाऊन नवे संगणक-नियंत्रित यंत्र आले, तरी अनुमानातील तास जुनेच राहण्याचा धोका असतो. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी आपल्या अहवालांतून निर्माणींच्या खर्चपद्धतीवर व उपरिव्ययावर वेळोवेळी टीका केली आहे. तथापि या दोषाचे मूळ व्यक्तीच्या हेतूपेक्षा रचनेत अधिक आहे.

तासांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. टी. पी. राइट या अमेरिकन विमान-अभियंत्याने १९३६ मध्ये असे दाखवून दिले की, उत्पादनाची एकूण संख्या दुप्पट झाली म्हणजे नगामागील सरासरी श्रम ठराविक प्रमाणात घटतात. विमानबांधणीत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास आढळले. याला अध्ययन वक्र म्हणतात. समजा, पहिल्या नगाला १,००० तास लागले. मग २ नगांची सरासरी ८००, ४ नगांची ६४० आणि ८ नगांची ५१२ तास येईल. ८ नगांचे एकूण तास ४,०९६ होतील. आता त्याच वस्तूच्या आणखी ८ नगांची मागणी आली, तर त्यांना किती तास धरावेत? मागची सरासरी घेणारा ४,०९६ म्हणेल. वक्राप्रमाणे १६ नगांचे एकूण तास सुमारे ६,५५४ होतात, म्हणून नव्या ८ नगांना सुमारे २,४५८ तास, नगामागे जेमतेम ३०७ पुरतात. पूर्वीच्या कराराची किंमत ‘आधार’ धरून त्यात महागाई मिळविण्याची जी सर्वत्र रूढ पद्धत आहे, तिच्यात हे शिक्षण गिऱ्हाइकाच्या पदरी पडत नाही. मात्र दोन मागण्यांमध्ये काही वर्षांचा खंड पडला, कुशल हात पांगले, तर वक्र पुन्हा वर चढतो, हेही अनुमान करणाऱ्यास माहीत हवे.

जी वस्तू अद्याप कोणी बनविलेलीच नाही, तिच्या बाबतीत क्रिया मोजण्याचा मार्ग बंद असतो. अशा वेळी वजन, इंजिनाची शक्ती, पल्ला यांसारखी वैशिष्ट्ये आणि पूर्वीच्या वस्तूंचा खर्च यांमधील संख्याशास्त्रीय संबंध शोधून अनुमान करतात. या पद्धतीला प्राचलिक अनुमान म्हणतात. तिचा पाया दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशन या संस्थेत घातला गेला. डेव्हिड नोव्हिक हे तेथील परिव्यय विश्लेषण विभागाचे प्रमुख होते. पुढे रॉबर्ट मॅक्नमारा १९६१ मध्ये संरक्षणमंत्री झाल्यावर या विचाराला तेथील अर्थसंकल्पात स्थान मिळाले. शस्त्रसंपादन करणाऱ्या खात्याचे अनुमान आशावादी असते, कारण प्रकल्प मंजूर व्हावा अशी त्याची इच्छा असते. म्हणून त्याहून स्वतंत्र अशा अनुमानाची व्यवस्था १९७२ पासून तेथे करण्यात आली आणि २००९ च्या कायद्याने ती अधिक बळकट झाली.

शिक्षणाची व्यवस्था : अमेरिकेत या विषयाला स्वतंत्र पदव्युत्तर पदवीचे रूप आले आहे. माँटेरे येथील नौदल पदव्युत्तर विद्यालय व डेटनजवळील वायुदल तंत्रज्ञान संस्था यांनी मिळून २०१० नंतरच्या दशकात परिव्यय अनुमान व विश्लेषण या विषयाची पदवी दूरशिक्षणाने देण्यास प्रारंभ केला. विद्यार्थी आपापल्या ठिकाणी नोकरी करीत अर्धवेळ शिकतात. संभाव्यता, समाश्रयण विश्लेषण, अध्ययन वक्र, जोखमीचे मापन आणि संपादनाचे नियम हे अशा शिक्षणाचे मुख्य विषय होत.

भारतात हे ज्ञान अनेक संस्थांत विभागलेले आहे. त्यांतील जुनी परंपरा लेखांकनाची. दुसऱ्या महायुद्धात सरकारने खर्च अधिक ठराविक नफा या तत्त्वावर मोठमोठे पुरवठा-करार केले आणि दाखविलेला खर्च खरा की फुगविलेला, हे तपासणाऱ्यांची गरज निर्माण झाली. १९४४ मध्ये कलकत्ता येथे परिव्यय लेखापालांची संस्था नोंदली गेली. १९५९ च्या अधिनियमाने तिला वैधानिक दर्जा मिळाला. नोकरी सांभाळून, टपालाने आलेले पाठ रात्री वाचून या संस्थेच्या परीक्षा देणारांची परंपरा मोठी आहे व नागपुरातही तिची शाखा आहे. विद्यापीठीय पातळीवर पत्रद्वारा शिक्षणाचा आरंभ दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये केला. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ व १९८९ मध्ये नासिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. दोहोंची विभागीय केंद्रे नागपुरात आहेत. अभियांत्रिकीच्या बाजूने पुण्याजवळ गिरीनगर येथील संरक्षण प्रगत तंत्रज्ञान संस्था शस्त्रविद्येचे पदव्युत्तर शिक्षण देते. अंबाझरीच्या अकादमीचा भर नोकरीतील प्रशिक्षणावर राहिला. परिणामी लेखापालाला क्रियापत्रक वाचता येत नाही आणि अभियंत्याला उपरिव्ययाची विभागणी कळत नाही, असे चित्र पुष्कळदा दिसते. संख्याशास्त्र तर दोघांच्याही वाट्याला बेताचेच येते.

दूरशिक्षण पद्धतीचा येथील मोठा गुण असा की, विद्यार्थ्याची प्रयोगशाळा त्याच्या दाराशीच असते. मागच्या वर्षीचे अनुमान आणि प्रत्यक्ष खर्च समोरासमोर मांडून तफावतीचे कारण शोधणे हा स्वाध्याय वर्गात बसून होण्यासारखा नाही. अडचणही तेथेच आहे. दारूगोळ्याच्या उत्पादनाचे आकडे १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाच्या कक्षेत येऊ शकतात. ते टपालाने किंवा संगणकजालावरून प्राध्यापकाकडे पाठविता येत नाहीत. आकड्यांना एखाद्या गुप्त स्थिरांकाने गुणून परस्पर-प्रमाणे तेवढी कायम ठेवणे हा त्यावरील परिचित उपाय होय; पण वस्तूचे नाव आणि मागणीचा आकार झाकण्यास तो अपुरा पडतो. म्हणून नागरी उपयोगाच्या वस्तूंवर स्वाध्याय आणि संरक्षणविषयक प्रकल्पाची तपासणी निर्माणीच्या आवारातच, तशी अनुज्ञा असलेल्या मार्गदर्शकाकडून, अशी विभागणी श्रेयस्कर ठरते.

१ ऑक्टोबर २०२१ नंतर : १९७९ मध्ये स्थापन झालेले आयुध निर्माणी मंडळ या दिवशी विसर्जित होऊन त्याच्या ४१ निर्माणी सात सरकारी कंपन्यांत विभागल्या गेल्या. अंबाझरी निर्माणी यंत्र इंडिया लिमिटेडकडे गेली व या कंपनीचे मुख्यालयही नागपुरातच आले; चांदा आणि भंडारा येथील निर्माणी पुण्यातील म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आल्या. या बदलाने अनुमानाचा अर्थच पालटला. मंडळ हे सरकारी खाते असताना निर्माणी सैन्याला माल नफा न घेता, आलेल्या खर्चाला देत असे. अनुमान चुकले तर फरक लेख्यांत मिटविला जाई. अंबाझरीचे कवच दुसऱ्या निर्माणीत भरण्यास गेले, तर तो एकाच घरातील हस्तांतराचा भाग असे. आता कवच घडविणारी कंपनी वेगळी, भरणारी वेगळी. त्यांच्यातील व्यवहार ही विक्री झाली असून ठरलेल्या किमतीपेक्षा अधिक आलेला खर्च ज्याचा त्याने सोसावयाचा आहे. संक्रमणकाळासाठी सैन्याच्या आधीच्या मागण्यांचे रूपांतर मानीव करारांत करण्यात आले. त्यापुढील कामासाठी कंपन्यांना स्पर्धेत उतरावे लागते आणि बाजारगाव परिसरातील खाजगी स्फोटक उद्योगासारखे प्रतिस्पर्धी नागपूरच्या वेशीवरच आहेत.

या स्थितीत उपरिव्ययाचे गणित विशेष जाचक ठरते. समजा, एका विभागाचा स्थिर उपरिव्यय वर्षाला ६ कोटी रुपये आहे. १ लाख नगांची मागणी असता तो नगामागे ६०० रुपये पडतो, ६० हजारांची असता १,००० रुपये. मागणी घटली म्हणून किंमत वाढवावी, तर गिऱ्हाईक अन्यत्र जाते व मागणी आणखी घटते. किंमत न वाढवावी, तर तूट येते. मोकळ्या यंत्रांवर रेल्वेचे किंवा निर्यातीचे काम घ्यावयाचे असेल, तर त्यासाठी कमीत कमी कोणती किंमत परवडते, हे बदलता व स्थिर खर्च वेगळा काढल्याशिवाय सांगता येत नाही. वस्तुतः हे प्राथमिक पाठ्यपुस्तकातील प्रकरण आहे. पण खर्च भरून मिळण्याची सवय असलेल्या संघटनेत ते वापरण्याचा प्रसंगच क्वचित येत असे.

खरेदीच्या बाजूलाही हीच विद्या लागते. संरक्षण संपादन कार्यपद्धती, २०२० नुसार करार-वाटाघाटी समितीने किमतीची निविदा उघडण्यापूर्वी वाजवी किमतीचा स्वतःचा अंदाज निश्चित करावयाचा असतो. एकच निविदा आलेली असते तेव्हा या आकड्याखेरीज समितीच्या हाती दुसरे साधन नसते. समितीत सेनाधिकारी असतात आणि दोन-तीन वर्षांनी त्यांची बदली होते. एका खरेदीत कमावलेले ज्ञान त्यांच्याबरोबर निघून जाते. निर्माणीतील अनुमानकर्ता मात्र त्याच खुर्चीत दहा-दहा वर्षे बसलेला असू शकतो. टेबलाच्या दोन्ही बाजूंच्या लोकांना एकाच अभ्यासक्रमात, वेगवेगळ्या गावांतून का होईना, शिकविण्यामागील व्यावहारिक कारण हे आहे. अशा शिक्षणात अनुमान एका आकड्याने न मांडता किमान, संभाव्य व कमाल अशा मर्यादांसह आणि प्रत्येक गृहीतकाची तारीख व आधार लिहून मांडण्याची सवय लावतात. त्यामुळे बदलून आलेल्या अधिकाऱ्याला जुनी नस्ती उघडल्यावर आकडा कोठून आला याचा माग काढता येतो.